जमाबंदीबाहेरचे परडे

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे नाव पुणेकराला ठाऊक असते ते सदाशिव पेठेतील विंचूरकर वाड्यामुळे, जेथे लोकमान्य टिळकांचे काही काळ वास्तव्य होते व जेथे १८९४ साली सार्वजनिक गणपती बसला. कांद्याच्या व्यापाऱ्याला ते ठाऊक असते लासलगाव बाजार समितीच्या उपबाजारामुळे. आणि अलीकडच्या शौकीन मंडळींना ते कळले ते २००१ च्या द्राक्षमद्य धोरणानंतर येथे उभ्या राहिलेल्या वाइन पार्कमुळे. या तिन्ही ओळखींच्या मुळाशी भूमी आणि पाणी आहे, हे उघडच आहे. परंतु त्या भूमीचा जो तुकडा घराच्या मागील दारापासून सुरू होऊन न्हाणीच्या सांडपाण्याच्या ओघळापाशी संपतो, आणि ज्याच्यावर गावाचे रोजचे कोरड्यास अवलंबून असते, त्या परड्याचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला आढळत नाही.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव दाणी, जे १७६१ च्या पानिपतच्या संहारातून वाचून परत आले आणि ज्यांच्या घराण्याला विंचूरकर हे नाव पडले, त्यांच्या काळी काय किंवा पुढे इंग्रजी अमलात काय, दफ्तराला जमीन दिसे ती वसुलाच्या डोळ्यांनी. जिराईत किती, बागाईत किती. बागाइतातही पाटस्थळ किती आणि मोटस्थळ किती. पीक काय उभे आहे व दस्त काय बसावा, एवढे पाहून कुळकर्णी आपली लेखणी कानावर ठेवीत असे. गावठाणातले परडे शेतसाऱ्याच्या कक्षेबाहेरचे. तेव्हा तेथील वेलावर लागलेल्या दोडक्यांची गणती करण्याचे सरकारला प्रयोजन नव्हते. अव्वल इंग्रजीत पाहणी-पैमाशी झाली, १८४७ च्या संयुक्त अहवालाने आकारणीची तत्त्वे ठरली, आणि १८७९ च्या जमीन महसुलाच्या कायद्याने रयतेने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेमुळे आकार वाढू नये असा दंडक घातला. विहीर पाडणाऱ्या बागाइतदाराला हा मोठाच दिलासा होता. परड्याला मात्र या साऱ्या घडामोडींचा स्पर्शही झाला नाही. ज्याची तोशीस नाही त्याची तक्रार नाही, व तक्रार नाही म्हणून अर्जही नाही. इतिहासकाराच्या दृष्टीने ही मोठीच आपत्ती म्हणावयाची.

मळ्याचे तसे नव्हते. मोटेचा मळा हा बांधलेल्या माणसाचा उद्योग होता, आणि येथे बांधलेला हा शब्द मी विचारपूर्वक योजतो. पहाटे तांबडे फुटण्याच्या आत बैल धावेवर उभे राहत. नाडा आणि सोंदूर यांच्या ओढीने चामड्याची मोट भरून वर येई, थारोळ्यात रिती होई, आणि पाणी पाटाने वाफ्यांकडे निघे. तिकडे घरातले दुसरे कोणी दारे धरण्यास उभे असे, कारण एक वाफा भरला की क्षणाचाही विलंब न करता पाणी पुढच्यात फिरवावे लागते. मोट हाकणारा आणि दारे धरणारा हे दोघे माघापासून वैशाखापर्यंत विहिरीला जखडलेले असत. सोलापुराकडील अरणच्या सावता माळ्याने पंढरीस न जाता मळ्यातच विठ्ठल पाहिला, व शके १२१७ मध्ये तेथेच देह ठेवला, ही कथा आपण भक्तीचे उदाहरण म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण ज्याने भर उन्हाळ्यात भाजीचा वाफा जगविला आहे त्याला तीत माळ्याच्या धंद्याचे एक रोकडे सत्यही दिसल्यावाचून राहत नाही.

परड्याची व्यवस्था निराळी होती, कारण ती बायकांच्या हाती होती. तेथे मोट नाही, बैल नाही, औतही नाही. कुदळ, खुरपे आणि न्हाणीचे पाणी एवढ्या सामग्रीवर अळू, केळ, शेवगा आणि कढीपत्ता बारमाही नांदत. मृगाचा पाऊस पडला की आळी करून दोडका, घोसाळी, कारली, पडवळ, दुधी यांचे बी टोचायचे, वेल कुडावर नाही तर गोठ्याच्या छपरावर चढवायचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मेथी, मुळा, कोथिंबीर यांचे वाफे. घेवडा आणि वाल थंडीत शेंगांवर यायचे. बी राखण्याची रीतही घरगुतीच: काही राखेत कालवून मडक्यात, काही वाळलेल्या भोपळ्याच्या पोकळीत, तर काही शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीला थापलेले.

दफ्तराने ज्याची नोंद घेतली नाही त्याची नोंद व्रतवैकल्यांनी घेतली, असे माझे मत आहे. ऋषिपंचमीचा उपवास घ्या. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, हा त्याचा मुख्य नियम. म्हणजे नांगराखालच्या जमिनीतले सारे वर्ज्य, आणि माणसाच्या हाताने खणलेल्या जागेतले तेवढे चालणारे. परडे आणि शेत यांच्यामधली सीमा इतक्या काटेकोरपणे कोणत्याही मोजणीदाराने आखली नसेल. आणि गंमत अशी की, ऋषींच्या नावाने शिजणाऱ्या त्या भाजीत अळू, माठ आणि काकडी यांच्या पंक्तीला जो लाल भोपळा आणि जे मक्याचे कणीस मानाने बसते, ती दोन्ही अमेरिका खंडाची मूळ रहिवासी असून पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाही भारतीय ऋषीच्या दृष्टीस पडण्याचा संभव नव्हता! त्यानंतर फिरंग्यांच्या गलबतांनी जे बी आणले त्याला आपल्या आज्यांनी एकदा परड्यात जागा दिली, की ते सनातन झाले.

अन्य सणांतही हेच पंचांग आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे सारे प्रकार मनसोक्त खाऊन चातुर्मासापुरता त्याचा निरोप घ्यायचा. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा दाखवून तसेच वर्ज्य ठेवलेले वांगे पुन्हा सुरू करायचे. आणि पौषात भोगीला घेवडा, गाजर, वांगे, हिरवा हरभरा, बोरे, जे जे त्या वेळी हाताशी असेल ते एकत्र शिजवून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खायचे. कांद्याच्या मुलखात चार महिने कांदा न खाण्याचा नेम पाळणारी घरे असावीत याचे परक्याला नवल वाटेल. परंतु पावसाळ्यात साठवणीचा कांदा सडू लागतो, हे कांद्याची चाळ बांधणाऱ्याला विचारून पाहावे.

आता प्रवासाविषयी. माळी हलला नाही तरी त्याच्या झाडांनी फार मोठे प्रवास केले. विंचूर ज्या जुन्या वाटेवर आहे ती नाशिकाहून येवल्यावरून औरंगाबादेकडे जाते, आणि तिच्या त्या टोकाला दौलताबाद आहे, जेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहून ठेवले. निफाड-ओझरच्या मांडवांत पूर्वी भोकरी, फकडी, साहेबी या जातींचे वेल पांगाऱ्याच्या खांबांवर चढविलेले असत. दक्षिणेकडे पुण्याजवळ दापोडीला आणि जुन्नरच्या बाजूला हिवऱ्याला कंपनी सरकारच्या बागा होत्या. १८३८ पासून त्यांचा कारभार पाहणारा डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन परदेशी झाडे येथील मातीत रुजवून पाहत असे. फुलकोबीचे बी १८२२ मध्ये सहारनपूरच्या बागेत आले, आणि देवळालीच्या छावणीला विलायती भाजी हवी असे म्हणून ते इकडच्या मळ्यांतही शिरले. १८६५ मध्ये थळ घाटाची चढण आगगाडीने जिंकली, व लासलगावच्या फलाटावरची टोपली मुंबईच्या बाजारात जाण्याची सोय झाली.

माणसांचे प्रवास याहून लहान, पण परड्याच्या दृष्टीने कमी महत्त्वाचे नव्हेत. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला जायचे, चैत्रात सप्तशृंगीला; आणि बाळंतपणासाठी किंवा सणासाठी माहेरी. या तिन्ही वाटांवरून परतताना पदराच्या गाठीत कोणत्या तरी घेवड्याचे बी आलेच. सरदारांच्या बागांत कलमे मोलाने आणि हुकुमाने येत. परड्यात ती मागून येत, क्वचित न मागताही.

हे सारे विसाव्या शतकात पालटले. इंजिन आणि विजेचा पंप आल्यावर मोट अडगळीत गेली, पालखेडच्या कालव्याने तालुक्याचे चित्र बदलले, आणि १९४७ मध्ये लासलगावी बाजार समिती स्थापन झाल्यावर कांद्याने हळूहळू मळा व्यापला. पोळ, रांगडा आणि उन्हाळ असे त्याचे तीन हंगाम झाले, आणि पूर्वी ज्या वाफ्यात घरापुरती मेथी असे तेथेही रोप उभे राहू लागले. वस्ती गावठाणातून मळ्यात गेली तेव्हा परडेही बांधावर सरकले. शेवगा आणि कढीपत्ता तेवढे विहिरीजवळ टिकले. भाजी मग आठवडेबाजारातून विकत येऊ लागली, आणि शेतकऱ्याने भाजी विकत आणावी यात कोणाला संकोच वाटेनासा झाला, याचा मला मात्र अजून वाटतो.

एक गोष्ट तरीही परड्याच्या रीतीने चालू आहे, ती म्हणजे उळे. कांद्याचे बी पुष्कळ घरे आजही स्वतःचे करतात: चाळीतून एकसारख्या रंगाचे, बारीक मानेचे कांदे निवडायचे, दिवाळीच्या मागेपुढे ते एका कोपऱ्यात लावायचे, डेंगळ्यांवर मधमाश्या येऊ द्यायच्या, आणि बोंडे वाळली की चोळून काळे बी काढायचे. निवडीचे काम बहुधा घरातली वडील बाई करते. ज्या वर्षी बियाण्याचा तुटवडा पडून भाव कडाडतात त्या वर्षी घरापुरते ठेवून उरलेले उळे ओळखीच्यांना जाते, कधी पैशाने आणि कधी उसनवारीने. त्या व्यवहाराची नोंद कोणत्या पुस्तकात होत असेल असे वाटत नाही.