भिंतीवरून घटावर: मुंबईच्या रंगीत मृत्पात्रांची कुळकथा

लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात मुंबईत घडलेली काही झिलईदार मृत्पात्रे जतन केलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या घटांपैकी काहींवर अजिंठ्याच्या भिंतींवरून उतरलेल्या आकृती दिसतात. आणि घट मुंबईचा, झिलई सिंधी वळणाची व चित्र अजिंठ्याचे, असा हा त्रिवेणी संगम पाहिला म्हणजे, ज्या मुलखातील कुंभाराने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मडक्याला काचेचा लेप म्हणून लावला नाही, त्या मुलखात हे अपत्य कोणत्या कुळातून आले, हा प्रश्न मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे झिलईवाचून कोणाचे अडले नव्हते. माठ पाझरतो म्हणूनच त्यातले पाणी गार होते. आणि मातीचे भांडे विटाळले की ते घासून पुन्हा वापरण्यापेक्षा टाकून द्यावे, असाच आचार असल्यामुळे, त्यावर रंगरेषांचा टिकाऊ साज चढविण्याचे प्रयोजन गृहिणीलाही नव्हते व कुंभारालाही नव्हते.

झिलई आली ती राज्यकारभाराच्या वाटेने. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्यास जोडला. त्यामुळे हाला गावासारख्या ठिकाणी मशिदींच्या व कबरींच्या भिंतींसाठी निळ्या-पांढऱ्या फरश्या घडविणारे कारागीर आणि मुंबईचा कलाशिक्षक हे एकाच अंमलाखालचे रहिवासी झाले. या कामाला ‘काशी’ म्हणत. हा शब्द ऐकून मराठी माणसाला गंगेचा घाट आठवला तर नवल नाही. परंतु या काशीचे मूळ आहे इराणातील काशान नगरीत. सिंधी कारागीर तांबूस मातीवर आधी पांढऱ्या मातीचा हात देई, मग टोचे पाडलेला कागद तीवर धरून कोळशाची पूड झाडी, आणि ठिपक्यांच्या त्या अंधुक रेघेवर रंग भरून अखेरीस वर काचेचा पारदर्शक थर चढवी. कोबाल्टचा गडद निळा रंग व तांब्याचा फिरोजी रंग भट्टीतून बाहेर पडत ते या थराखालून चमकतच. टोच्यांच्या अशा कागदाला ‘खाका’ म्हणत. खाक म्हणजे धूळ, राख. आणि आज कचेरीत बसून आपण एखाद्या योजनेचा ‘खाका’ तयार करतो, तेव्हा त्या शब्दात कारागिराच्या हातची ती पूड अजून सांडलेली असते, याची कोणास आठवणही नसते.

जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ साली दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईची कलाशाळा सुरू झाली. तेथील शिक्षक जॉर्ज टेरी याने पुढे कुंभारकामाचा कारखाना उभारला आणि सिंधची झिलई मुंबईच्या चाकाशी आणून बसविली. त्याच सुमारास, १८७२ पासून १८८५ पर्यंत, याच शाळेचा शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांचा तांडा घेऊन अजिंठ्यास जाई. पेस्तनजी बोमनजी हा त्यांच्यापैकीच एक. छतांवरची कमळे, हंसांच्या माळा, फळांचे घोस, हत्ती आणि झुंजणारे बैल असे सारे ही मंडळी कापडावर उतरवून घेत. तेव्हा शाळेच्या एका दालनात रंग वाळत असता दुसऱ्या दालनातील ओल्या घटाला त्यांची दृष्ट लागावी, हे क्रमप्राप्तच होते.

आणि खरे पाहता आकृतींचे भिंतीवरून घटावर हे येणे म्हणजे स्थलांतर नव्हते, ते स्वगृही परतणे होते. अजिंठ्याची चित्रे काही दगडावर काढलेली नाहीत. कातळावर माती व भाताचे तूस कालवून लिंपण दिलेले, त्यावर पातळ पांढरा थर आणि त्यावर गेरू, पिवडी, काजळी यांचे रंग. माती, शुभ्र कवच, रंग: सिंधी कारागिराची उतरंडही हीच. अजिंठ्याच्या मातीला भट्टी तेवढी लाभली नव्हती, आणि म्हणूनच ती पोपडे धरून झडत राहिली.

त्या भट्टीचे मोल अजिंठ्याच्या नकलांच्या दुर्दैवाने पटवून दिले. ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिल या चित्रकाराने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी केलेल्यांपैकीही कित्येक १८८५ साली लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळून खाक झाल्या. अजिंठ्याची आकृती टिकविण्यासाठी कापडाचा भरवसा धरला, त्याला अग्नी सोसवला नाही. टेरीच्या घटांनी मात्र आपली अग्निपरीक्षा मुंबईतच, जन्माच्या दिवशीच, देऊन टाकली होती.