ब्रेकनळीचा गोफ

पावसाळ्यात चिंचोटी–कामण–भिवंडी रस्त्याने मोटरसायकल नेणारा माणूस ट्रायल्स हा खेळ न शिकताच खेळत असतो. पुढे कंटेनर, डावीकडे चिखल, मध्ये खड्डा. वेग नावापुरता, आणि तरी पाय टेकवायचा नाही. खेळातही हेच. दगड, ओंडके, ओढे यांवरून गाडी काढायची. पाय टेकला की एक गुण दंड, गाडी पडली की पाच. यॉर्कशायरची स्कॉट ट्रायल १९१४ साली सुरू झाली. जागतिक अजिंक्यपद मात्र १९७५पासूनचे.

या खेळात ब्रेक थांबण्यासाठी कमी आणि उभे राहण्यासाठी जास्त लागतो. दगडाच्या टोकावर एका बोटाने लिव्हर धरून गाडी तोलायची, म्हणजे लिव्हर किती दाबला की चाक किती धरते हे बोटाला अचूक कळले पाहिजे. म्हणून अनेक ट्रायल्सवाले गाडी हाती आली की रबरी ब्रेक पाइप काढतात आणि स्टीलच्या जाळीचा ‘ब्रेडेड होज’ चढवतात. ही जाळीदार नळी रेसिंगची देणगी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रेसवाल्यांनी ती उसनी घेतली विमानवाल्यांकडून, आणि विमानवाल्यांनी तिची विणकला घेतली नाड्या करणाऱ्यांकडून.

आधी नळी का लागली ते पाहू. बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवले होते. त्यावर मोटारीचा ब्रेक उभा केला माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने. मूळ आडनावाचे स्पेलिंग लोक भलतेच वाचत, म्हणून पुढे ते उच्चाराप्रमाणे बदलले गेले. विमानांची लॉकहीड कंपनी त्याच्या भावाची, ॲलनची. १९२१च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते आणि १९२४मध्ये क्रायस्लरने ते बऱ्यापैकी सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत आणले. सुरुवातीच्या ब्रेकमध्ये कातडी वाट्या असत, त्या गळत. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी रबरी वाट्या बसवल्या. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, म्हणून ब्रेकमध्ये घातले जाई ते अल्कोहोल मिसळलेले एरंडेल!

पण पुढचे चाक वळते, उसळते. तिथे धातूची नळी टिकत नाही, मऊ नळी हवी. आणि मऊ नळी दाबाखाली फुगते. ही एक अडचण ब्रेकच्या कुळाला जन्मापासून चिकटलेली आहे.

फुगणे रोखण्याचा उपाय मात्र ब्रेकच्या पावणेदोनशे वर्षे आधीच तयार होता. १७४८मध्ये मँचेस्टरच्या थॉमस वॉलफर्डला वेणी घालणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. गोव्यातल्या आणि कोकणातल्या शिमग्याचा गोफ ज्याने पाहिला आहे त्याला हे यंत्र समजावायला नको. निम्मे गडी उजवीकडून, निम्मे डावीकडून, एकदा आत एकदा बाहेर, आणि वर रंगीत वीण उतरत जाते. यंत्रात गड्यांच्या जागी बॉबिन फिरतात. अशा यंत्रांवर जर्मनीतल्या बार्मेनमध्ये नाड्या, फिती, झालरींचा मोठा धंदा वाढला. मधोमध नळी ठेवली की तोच गोफ तिच्याभोवती विणला जातो. साध्या रबरी ब्रेक पाइपच्या पोटातही असा गोफ असतोच, फक्त धाग्याचा आणि रबराआड दडलेला. धागा थोडा ताणतो, स्टीलची तार जवळजवळ नाही.

विणीचा कोनही महत्त्वाचा. दाबाखालच्या नळीत आडवा ताण उभ्या ताणाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तारा नळीच्या अक्षाशी सुमारे ५४.७ अंशांत असल्या तर नळी ना जाडावते ना लांबते. कोन याहून कमी असला तर आखडून फुगते, जास्त असला तर लांबते. इतकी नेटकी गोष्ट गॅरेजच्या भिंतीवर लटकलेल्या वस्तूत असते याचे मला अजून नवल वाटते.

आतली नळी रबराची नसून टेफ्लॉनची असते. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपॉण्टच्या रॉय प्लंकेटला रेफ्रिजरेटरचा वायू करताना सिलिंडरात पांढरी पूड जमलेली सापडली, ती ही. ती कशातच विरघळत नाही. पन्नासच्या दशकात टेफ्लॉनवर स्टीलची वीण असलेल्या नळ्या जेट विमानांत गेल्या. त्या घराण्याची खूण आजही पुसलेली नाही. मोटरसायकलच्या ब्रेडेड होजचे माप ‘डॅश थ्री’ सांगतात, म्हणजे तीन सोळांश इंच बाहेरच्या व्यासाच्या धातूच्या नळीशी जुळणारे. ही अमेरिकन लष्कर-नौदलाची जुनी मोजणी.

दुचाकीकडे ही जाळीदार नळी यायला आधी दुचाकीला हायड्रॉलिक डिस्क मिळावी लागली. होंडाची सीबी ७५० त्यासह १९६९मध्ये आली. जाळीच्या नळ्या करणारी ब्रिटनमधली गुडरिज कंपनीही त्याच साली निघाली. ट्रायल्स सायकलवरही खेळतात. त्या सायकलींवर जर्मनीच्या मागुराचे, रिमला धरणारे हायड्रॉलिक ब्रेक १९८७नंतर रुळले, आणि त्यांच्या प्लॅस्टिक नळ्या काढून जाळीच्या घालणारेही निघाले.

आपल्याकडे कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनी मोटारीने मेकॅनिकांना ब्रेकमधली एअर काढायला शिकवले, दुचाकी मात्र बराच काळ केबल आणि ड्रमवर राहिली. २००१च्या पल्सरबरोबर डिस्क ओळखीची झाली. २०१२मध्ये चाकणहून ड्यूक २०० आली ती कारखान्यातूनच जाळीचा होज लेवून.

फायदा किती? अमेरिकन नियमानुसार आठवा भाग इंची साध्या होजने १,००० पीएसआय दाबाला फुटामागे ०.६६ मिलिलिटरपेक्षा जास्त फुगू नये. कमी फुगणाऱ्या वर्गाला मर्यादा निम्मी. अर्ध्या इंची मास्टर सिलिंडरचा दट्ट्या सेंटिमीटरभर सरकला की जेमतेम सव्वा मिलिलिटर तेल पुढे जाते. त्यातले थोडे जरी नळीनेच गिळले तरी बोटाला लिव्हर स्पंजासारखा लागतो. जाळी ब्रेकची ताकद वाढवत नाही, गिळणे थांबवते. डिस्क झिजलेली आणि पॅड काचेसारखे गुळगुळीत असतील तर होजवर पैसे घालणे व्यर्थ.

होज बसवताना तो जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वायसर नवेच घ्यावेत. टेफ्लॉनला कुठलेही तेल चालते, पण सिलिंडरच्या रबराला नाही. मागुराच्या खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट फोर ब्रेक तेल ओतले तर सील गेलीच. उघडी जाळी कानसीसारखी रंग आणि वायरिंग घासते, आणि तिच्यात अडकलेली वाळू आतल्या टेफ्लॉनला खाते, म्हणून वर पारदर्शक आवरण असलेलीच घ्यावी. रबर म्हातारे झाले की भेगा दाखवते. जाळी वरून चकचकीतच राहते, त्यामुळे तुटकी तार किंवा तेलाचा ओलावा शोधायचा तो दोन्ही टोकांना, नळी फिटिंगात शिरते तिथे.