आठ डिस्कांच्या पेटीमागची सत्तर वर्षं

घरी मोठा स्टोरेज सर्व्हर बांधायचा तर सुरुवात कागदावर होते. माझ्या कागदावर लिहिलंय : ८ टीबीच्या आठ डिस्क, त्यांतल्या दोन डिस्कांइतकी जागा पॅरिटीला, झेडएफएस, ईसीसी रॅम, यूपीएस, महिन्यातून एकदा स्क्रब, दुसरी प्रत गावाबाहेर. दुकानदाराच्या लेखी ही खरेदीची यादी. मला मात्र जवळपास प्रत्येक ओळीमागं एक साल दिसतं. कुठंतरी कुणाचा तरी डेटा गेला, किंवा तो जाणार हे कुणीतरी गणित करून आधीच दाखवलं, आणि त्यातून ती ओळ आली.

मी कोल्हापुरात लग्नाचं शूटिंग करतो. मिनीडीव्ही होती तोवर हा प्रश्नच नव्हता. तासाभराची कॅसेट म्हणजे साधारण १३ जीबी. मिक्सिंग झालं, पार्टीला डीव्हीडी दिली, की मूळ कॅसेट कपाटात. पुढं कॅमेऱ्यात कार्डं आली. कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला न्यायचं असतं, त्यामुळं मूळ म्हणून जे काही उरतं ते हार्ड डिस्कवरच. धंद्यातला हा बदल फार मोठा होता, पण तो होताना कुणी त्याची चर्चा केली नाही. दहा-बारा वर्षांनी माणसं दारात येतात : “आजी गेली हो. लग्नात ती बोलली होती, ते आहे का तुमच्याकडं?” डीव्हीडीवर ओरखडे पडलेले असतात. अशा वेळी ‘आहे’ म्हणता यावं, एवढ्यासाठी ही सगळी उठाठेव.

हार्ड डिस्क जन्मली १९५६ साली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आयबीएमची प्रयोगशाळा होती आणि रेनॉल्ड जॉन्सन तिचे प्रमुख होते. तिथं तयार झालेल्या रॅमॅक यंत्राच्या डिस्क-कपाटात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरायच्या. वाचणारा दांडा आधी वर-खाली सरकून हव्या त्या तबकडीशी जायचा, मग आत शिरायचा. वजन टनाच्या आसपास आणि क्षमता ५० लाख अक्षरं, आजच्या हिशेबानं पावणेचार एमबी. माझ्या कॅमेऱ्यातला एक रॉ फोटोही त्यात मावला नसता. कंपन्या ते यंत्र भाड्यानं घेत, महिन्याला ३,२०० डॉलर मोजून. पुढची तीसेक वर्षं मोठ्या संगणकांची रीत हीच राहिली : एक मोठी, महागडी डिस्क आणि तिची राखण करणारी माणसं. मधेच १९८० साली सीगेटनं ५ एमबीची, टेबलावरच्या संगणकात बसणारी छोटी डिस्क काढली. तिची किंमत होती १,५०० डॉलर. तिथून डिस्कांची दोन घराणी झाली, एक मोठ्या यंत्रांचं आणि एक घरगुती संगणकांचं.

ही दोन घराणी एकमेकांसमोर उभी केली बर्कलीच्या तिघांनी : डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ. ‘रेड’वरचा, म्हणजे स्वस्त डिस्कांच्या राखीव जागा ठेवलेल्या रांगेवरचा, त्यांचा निबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. माझ्या मते घरच्या सर्व्हरचा इतिहास खरा इथून सुरू होतो. त्यांचं म्हणणं धाडसी होतं : आयबीएमची साडेसात जीबीची अवाढव्य डिस्क कशाला घ्यायची? घरगुती संगणकातल्या १०० एमबीच्या स्वस्त डिस्का रांगेनं लावा. जागा कमी लागेल, वीज कमी लागेल, वेगही मिळेल. पण लगेच त्यांनी स्वतःच त्यातली मेख सांगितली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं आणि अशा १०० लावल्या, तर त्यातली एखादी सरासरी ३०० तासांत जाणार. म्हणजे पुरते दोन आठवडेही नाहीत. स्वस्त डिस्का एकत्र आणल्या की भरवसा वाढत नाही, घटतो. दुकानात जास्त डिस्कांचा बॉक्स घेणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य आधी ऐकवावं असं मला फार वाटतं.

त्यावरचा उपाय म्हणजे पॅरिटी. आहेराच्या यादीत सगळ्या रकमा आणि खाली बेरीज लिहिलेली आहे. एका नावापुढचा आकडा पाणी पडून पुसला, तर बेरजेतून बाकीचे आकडे वजा करून तो काढता येतो. पॅरिटीत हीच बेरीज शून्य-एकच्या भाषेत ठेवतात. कल्पना पूर्णपणे नवी नव्हती. आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना या धर्तीचं पेटंट १९७८ सालीच मिळालं होतं. बर्कलीकरांनी तिच्या पाच पायऱ्या लावल्या, प्रत्येकीचा खर्च आणि वेग मांडून दाखवला. पाचव्या पायरीत बेरीज एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटून दिली होती, त्यामुळं एका डिस्कवर सगळा भार येत नव्हता.

मग माझ्या कागदावर एकाऐवजी दोन डिस्का पॅरिटीला का? एक डिस्क गेली की नवी लावून ती भरावी लागते आणि त्यासाठी उरलेल्या सगळ्या वाचाव्या लागतात. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगानं भरायला पंधरा तास लागतात, तेही दुसरं काही काम नसेल तर. घरगुती डिस्कांच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं की दहाचा चौदावा घात इतके बिट वाचताना एखादी चूक होऊ शकते. हा आकडा साडेबारा टीबीचा. माझ्या पेटीत सात डिस्का मिळून ५६ टीबी वाचायचं असतं. रॉबिन हॅरिस यांनी २००७ साली लेख लिहून सांगितलं होतं की डिस्का वाढत चालल्यात, एका पॅरिटीचे दिवस २००९ पर्यंत भरतील. प्रत्यक्षात डिस्का त्या छापील आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, ते भाकीत अक्षरशः खरं ठरलं नाही. तरी पंधरा तास एकाही आधाराशिवाय काढायची माझी तयारी नाही. म्हणून दोन. ६४ टीबीतून १६ गेले, ४८ उरले. १,०००चा गुणाकार आणि १,०२४चा गुणाकार यांतल्या फरकामुळं पडद्यावर ४३च्या आसपास दिसतात.

आतापर्यंतची सगळी गोष्ट मरणाऱ्या डिस्कची होती. त्याहून वाईट म्हणजे जिवंत डिस्क चुकीचं वाचून देते आणि तसं सांगत नाही. आमच्या धंद्यात हे डोळ्यांना दिसतं. सप्तपदी चाललेली असते, एका फ्रेममध्ये चेहऱ्यांवर हिरवट चौकोन उमटतात, पुढं सगळं ठीक. फाइल उघडते, तिचा आकार बरोबर असतो, कुठंही लाल खूण नाही. साधं रेड इथं हतबल आहे. बेरीज जुळत नाही एवढं त्याला फार तर कळेल. खोटं कोण बोलतंय, आकडा की बेरीज, हे कळत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेनं २००७ साली ठरलेला मजकूर आपल्या यंत्रांवर मुद्दाम लिहून पुन्हा वाचून पाहिला. काही ठिकाणी तो कुठलीही तक्रार न करता बदललेला निघाला.

यावर उत्तर शोधायला सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ साली काम सुरू केलं होतं. त्यातून झालेली फाइल सिस्टिम म्हणजे झेडएफएस. प्रत्येक तुकड्याचा तपासणी-आकडा ती काढते, आणि तो त्या तुकड्याशेजारी ठेवत नाही. त्याच्याकडं बोट दाखवणाऱ्या वरच्या नोंदीत ठेवते. त्या नोंदीचा आकडा तिच्या वरच्या नोंदीत, असं थेट शेंड्यापर्यंत. डिस्कनं भलत्याच जागेचा तुकडा आणून दिला तरी तो पकडला जातो. मग पॅरिटीतून खरा तुकडा काढून ती डिस्कवर दुरुस्तीही करते. स्क्रब म्हणजे सगळा साठा वाचून हे आकडे ताडून पाहणं. उबुंटूवर झेडएफएस बसवली की महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते आपोआप होतं. ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःतली चूक पकडणारी मेमरी, याच विचाराची आहे, कारण मेमरीतच बिट उलटला तर आकडा चुकीच्या तुकड्याचाच निघेल. आणखी एक गुण आमच्या गावासाठी मोलाचा : जुन्या तुकड्यावर ती नवं लिहीत नाही, नवीन जागी लिहून मग बोट वळवते. आकडा लिहिला आणि बेरीज लिहायच्या आत लाइट गेली, या दुखण्यावर तो इलाज आहे. पावसाळ्यात इथं लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. यूपीएस तरीही लागतोच.

२००५ साल या इतिहासात फार दाटीचं आहे. झेडएफएस त्या वर्षाअखेरीस सनच्या ओपनसोलॅरिस या खुल्या प्रणालीत सगळ्यांसाठी खुली झाली. फ्रान्सच्या ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी जुन्या संगणकाचा सर्व्हर करणारं फ्रीनॅस त्याच वर्षी काढलं. त्याच कामाचं अनरेडही त्याच वर्षी आलं. दोन वर्षांत हिताचीनं पहिली १ टीबीची डिस्क आणली, मायक्रोसॉफ्टनं घरासाठी विंडोज होम सर्व्हर आणला. त्यात कुठल्याही आकाराच्या डिस्का एकत्र करायची सोय होती. २०१० साली ती काढून टाकत असल्याचं कंपनीनं जाहीर केलं आणि तिच्यावर विसंबलेली माणसं उघड्यावर पडली. त्याच वर्षी सन कंपनी ओरॅकलकडं गेली. पण झेडएफएसचा कोड आधीच खुला झाला होता, म्हणून तो बाहेर जगला आणि २०१३ साली ओपनझेडएफएस या नावानं एकत्र आला. डेटा कुठल्या पद्धतीनं लिहायचा हे ठरवताना मी वेगाच्या आधी हे पाहतो : ज्यानं बनवली तो गेल्यावरही ही पद्धत वाचता येईल का?

या इतिहासातलं आणखी एक साल २०११. ऑक्टोबरात थायलंडला महापूर आला. अयुथया भागातला वेस्टर्न डिजिटलचा मोठा कारखाना पाण्यात गेला, डिस्कांच्या मोटारी बनवणारे कारखानेही गेले. जगातल्या डिस्कांचा केवढा वाटा त्या पूरमैदानावर जुळवला जात होता, हे तेव्हा लोकांना कळलं. कोल्हापुरात ऐन लग्नसराईच्या तोंडावर डिस्कांचे भाव दुपटीवर गेले. पुराचं पाणी दुकानात शिरणं म्हणजे काय, हे आम्ही २००५ साली पाहिलं होतं. त्यामुळं थायलंडचे ते फोटो परके वाटले नाहीत. अमेरिकेत बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअप देणारी कंपनी तेव्हा अडचणीत आली. याच कंपनीनं २००९ साली ४५ डिस्का बसणाऱ्या ६७ टीबीच्या लाल पेटीचा आराखडा ७,८६७ डॉलर खर्चाच्या हिशेबासह जाहीर केला होता, आणि घरी सर्व्हर बांधणाऱ्या अनेकांनी तो अभ्यासला होता. नुसत्या डिस्का महाग झाल्या, पण डब्यातल्या एक्सटर्नल डिस्का दुकानांत अजून स्वस्त होत्या. एका माणसाला दोनच, असा नियम लागल्यावर कंपनीच्या लोकांनी मित्र-नातेवाईक कामाला लावले, दुकानादुकानांतून एक्सटर्नल गोळा केल्या, आणि डबे फोडून आतल्या डिस्का काढल्या.

हौशी लोक ही युक्ती आजही वापरतात, मीही वापरतो. डबा स्क्रूचा नसतो. प्लॅस्टिकचं जुनं कार्ड फटीत सारून कडेनं फिरवायचं, एकेक खटका सुटतो. डिस्कच्या बाजूला रबरी गुंड्या असतात, त्या काढायच्या, छोटा बोर्ड ओढून वेगळा करायचा. पुष्कळदा अशी डिस्क सर्व्हरला लावल्यावर फिरतच नाही. नव्या नियमाप्रमाणं वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की तिनं बंद राहायचं असतं, आणि जुने पॉवर सप्लाय तिथं कायम तेवढे व्होल्ट देतात. मग त्या एका पिनेवर कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी चिकटवायची. पट्टी चिमट्यानं धरून, भिंगाखाली. ती शेजारच्या पिनेवर सरकली की पुन्हा काढायची. आत कोणती डिस्क निघेल याची मात्र खात्री नसते. २०२० साली तर नॅससाठी, म्हणजे अशाच स्टोरेज सर्व्हरसाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या काही ‘डब्ल्यूडी रेड’ डिस्कांत माग एकमेकांवर चढवून लिहिण्याची पद्धत, एसएमआर, न सांगता वापरल्याचं उघड झालं. अशा डिस्कवर नव्यानं भरणी करायची तर तासांचं काम दिवसांवर जातं. ग्राहकांचा राग रास्त होता. ती पद्धत वाईट नाही, ती लपवणं वाईट होतं. आता मी मॉडेल नंबर कंपनीच्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय डिस्क लावत नाही.

यादीतली शेवटची ओळ आमच्याच व्यवसायातल्या माणसाची आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम प्रचारात आणला तो पीटर क्रोग या छायाचित्रकारानं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे त्यात गृहीत आहे : चुकून पुसलेली फाइल आठही डिस्कांवरून एकदमच पुसली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. आमच्या व्यवसायातल्या ओळखीच्यांचे तळमजल्यावरचे स्टुडिओ, कपाटांसकट, पाण्याखाली होते. माझी पेटी वरच्या मजल्यावर आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. दुसरी पेटी इथंच भरून गाडीतून पुण्याला बहिणीकडं नेली. आता रात्री फक्त बदललेले तुकडे तिकडं जातात. तिसरी प्रत काढघाल करता येणाऱ्या डिस्कांवर, बंद करून ठेवलेली.

सीगेटनं २०२४ साली ३० टीबीच्या डिस्कांची घोषणा केली. भाव उतरल्यावर त्या माझ्याही पेटीत येतील, आणि अशी एक डिस्क भरायला, सेकंदाला २५० एमबी वेग धरला तरी, सव्वा दिवसाहून जास्त लागेल. बर्कलीच्या तिघांचं गणित त्या डिस्कांनाही लागू आहे. त्या पेटीच्या कागदावर पॅरिटीला मी तीन डिस्का लिहून ठेवल्यात.