मसल कार आणि अरबांच्या डोक्यावरचं खापर

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या लिलावांची वर्णनं वाचायचा मला नाद आहे. घ्यायची ऐपत नाही, पण कागदपत्रं कशी तपासतात ते पाहायला मिळतं. 2014 साली सिएटलच्या लिलावात 1971 सालची प्लायमाउथ हेमी कुडा, टप दुमडता येणारी, 35 लाख डॉलरला गेली. अशा गाड्यांच्या कहाणीत एक वाक्य वारंवार भेटतं: 1973 मध्ये अरबांनी तेल बंद केलं आणि मसल कारचं युग संपलं. वाक्य सुटसुटीत आहे, पण तारखांशी जुळत नाही.

मसल कार म्हणजे तरुणाला परवडेल अशी मध्यम आकाराची गाडी आणि तिच्यात थोरल्या गाडीचं इंजिन. मध्यम गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टियाकच्या जॉन डिलोरियन आणि सहकाऱ्यांनी 1964 च्या टेम्पेस्टमध्ये 389 घनइंचांचं इंजिन 'जादा पैसे भरून मिळणारी सोय' म्हणून बसवलं. नियमातली पळवाटच ती! नाव ठेवलं जीटीओ. पहिल्याच वर्षी 32 हजारांहून जास्त गाड्या खपल्या आणि बाकीच्या कंपन्याही त्या वाटेला लागल्या.

उतार 1970 च्या सुमारासच लागला. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे, त्यातही तरुण चालकांचे, हप्ते भरमसाट वाढवले. त्याच वर्षाच्या शेवटी स्वच्छ हवेचा कडक कायदा आला. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने 1971 च्या मॉडेलांपासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. क्रायस्लरचं 426 घनइंचांचं हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाडीत 1971 मध्ये शेवटचं मिळालं.

तेलबंदी लागली ऑक्टोबर 1973 मध्ये. इजिप्त-सीरियाच्या युद्धात अमेरिकेने इस्रायलला शस्त्रं पुरवली, म्हणून अरब निर्यातदारांनी तेल अडवलं. (ही 'मुस्लीम देशांची' बंदी नव्हती, इराण तिच्यात सामील नव्हता.) पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता, तो काही महिन्यांत बाराजवळ गेला, पंपांवर रांगा लागल्या. मोठ्या इंजिनांच्या उरल्यासुरल्या गाड्यांना त्याचा फटका बसला, हे नाकारायचं कारण नाही. पण हेमी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

आज या गाड्या दुर्मीळ आहेत, त्याचं कारणही त्याच उतारात आहे. टप दुमडणाऱ्या हेमी कुडा 1970 मध्ये 14 बनल्या, 1971 मध्ये जेमतेम डझनभर. कंपनीने मुद्दाम हात आखडला नव्हता, मागणीच नव्हती. इंजिनाचेच जादा सुमारे 870 डॉलर, वर विम्याचा हप्ता. नॅसकारच्या शर्यतींसाठी काढलेली उंच पंखाची प्लायमाउथ सुपरबर्ड तर विक्रेत्यांकडे धूळ खात उभी राहिली. काहींनी तिचं लांब नाक आणि पंख काढून साधी रोड रनर म्हणून विकली. आज त्याच पंखासाठी संग्राहक हवे तेवढे पैसे मोजतात.

किंमत अशी चढली की बनावटही आलीच. साध्या बॅराकुडात हेमी बसवणं काही अवघड नाही. म्हणून गिऱ्हाईक आधी आकडे बघतं: 1970-71 च्या गाडीच्या क्रमांकातलं पाचवं अक्षर 'आर' असेल तरच ती कारखान्यातून हेमी घेऊन निघालेली. मग इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी ताडतात. जोडणीच्या वेळी कामगारांनी वापरलेला तपशिलाचा कागद कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. त्या मळकट कागदाने किंमत बरीच वर जाते.

एका अक्षरासाठी इतकी झडती घेणारी ही मंडळी तेलबंदीचं ते वाक्य मात्र न तपासता पुढे जाऊ देतात. तपासायला फार लागतही नाही. त्या 35 लाखांच्या गाडीच्या वर्णनात तिचं साल पहिल्याच ओळीत असतं.