नळीची वंशावळ

मार्च २०१७. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, पोकाटेलो शहराच्या कडेला, चौदा वर्षांचा एक मुलगा कुत्र्याला घेऊन घरामागच्या टेकडीवर गेला. जमिनीतून वर आलेली नळी त्याला तुषार सिंचनाची तोटी वाटली. हात लावताच फस्सकन भुकटी उडाली. मुलगा वाचला, कुत्रा मात्र त्याच्या डोळ्यांदेखत गेला.

नळीचं नाव ‘एम-४४’. सरकारी माणसांनी ती पुरली होती कायोटीसाठी. हा प्राणी लांडग्याहून लहान, आपल्या कोल्ह्याच्या भावकीतला. नळीच्या टोकाला वासाचं आमिष फासतात. कायोटीने ते दातांत धरून ओढलं की स्प्रिंग सुटते आणि सोडियम सायनाइड थेट तोंडात उडतं. लाळ लागताच त्याचा विषारी वायू होतो.

हिची आई १९३०च्या दशकातली ‘कायोटी-गेटर’. तिच्यात स्प्रिंगच्या जागी काडतूस असे. त्याने माणसंही जखमी होऊ लागली, तेव्हा काडतूस गेलं, सायनाइड राहिलं. त्याही मागे गेलं तर सापडतं स्ट्रिक्निन हे विष पेरलेलं मांस. १९१५ साली अमेरिकी काँग्रेसने लांडगे आणि कायोटी मारायला सव्वा लाख डॉलर मंजूर केले. लांडगे बहुतेक ठिकाणी संपले. पण कायोटीला धाकात ठेवणारा तर लांडगाच होता! मोकळं रान कायोटीला मिळालं. एकेकाळी मुख्यतः पश्चिमेकडच्या माळरानांवर राहणारा हा प्राणी आज पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत आहे.

मेंढपाळाची तक्रार खोटी नाही. विण्याच्या हंगामात कोकरं गेली की वर्षाचा हिशेब बसत नाही. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने ही विषं बंद केली, तरी म्हणूनच १९७५ साली सायनाइडची नळी परतली. मारून कायोटी आटतही नाही: टोळीतली थोरली जोडी गेली की धाकट्या माद्या वितात, आणि खाणारी तोंडं कमी झाल्याने पिल्लं जास्त जगतात.

२०२३ साली केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याने आपल्या साडेचोवीस कोटी एकरांवर एम-४४ला मनाई केली. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीने त्याआधी वीसेक वर्षं कायोटी मारणाऱ्या सरकारी फासेवाल्यांशी असलेला करार सोडला आणि तो पैसा मेंढपाळांना कुंपणासाठी, राखणीच्या जनावरांसाठी दिला. तिथे आता कळपाबरोबर कुत्री राहतात, पिल्लू असल्यापासून मेंढरांतच वाढलेली. आपल्या धनगराला यात नवं काय, असंच वाटेल.