मैमूनाचा दगड

युरोपातले लोक धावपळीला कंटाळले की विसाव्यासाठी भूमध्य समुद्रातल्या गोझो बेटावर जातात. माल्टाच्या मुख्य बेटावरून बोटीने जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. बेट अवघं ६७ चौरस किलोमीटरचं. दगडी बांधांची शेतं, समुद्रकाठची मिठागरं आणि गावागावात भव्य चर्च. वस्ती बहुतेक सगळी कॅथलिक.

पण गावांची नावं ऐकली की आपले कान टवकारतात. ‘नादुर’ म्हणजे टेहळणीची जागा. आपण मराठीत रोज वापरतो तो ‘नजर’ शब्द याच अरबी मुळातला. ‘आर्ब’ म्हणजे पश्चिम. मगरिबच्या नमाजचं नावही त्याच धातूवरून आलेलं. माल्टी भाषा अरबीतूनच घडली, फक्त लिहिली जाते रोमन लिपीत. तिथला ख्रिश्चन देवाला ‘अल्ला’ म्हणतो आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला ‘रन्दान’!

याचा उलगडा इतिहासात होतो. ८७० साली अरबांनी माल्टा जिंकलं. १०९१ मध्ये नॉर्मन आले, तरी मुसलमान लगेच हटले नाहीत. याचा पुरावा म्हणजे मैमूना नावाच्या स्त्रीच्या कबरीचा संगमरवरी दगड. त्यावर कूफी लिपीत मजकूर कोरलेला आहे. साल हिजरी ५६९, म्हणजे इसवी सन ११७४. राज्य ख्रिश्चन राजाचं, कबर मुसलमान मुलीची. आणखी एक गंमत म्हणजे हा दगड मुळात रोमनकालीन, त्याच्या मागच्या बाजूला जुनं रोमन नक्षीकाम आहे. पुढे तेराव्या शतकात मुसलमानांना बेटांवरून घालवण्यात आलं. माणसं गेली, भाषा राहिली.

इथे थांबलो तर गोष्ट आपल्याला सोयीची होते. पण पुढचं पानही वाचायला हवं. जुलै १५५१ मध्ये सिनान पाशा आणि तुर्गुत रईस यांच्या उस्मानी आरमाराने गोझोचा किल्ला घेतला आणि सुमारे ५,००० लोकांना गुलाम करून नेलं. बेट जवळजवळ ओस पडलं. नंतर जे वस्तीला आले, त्यांना १६३७ पर्यंत रात्री किल्ल्यातच मुक्काम करण्याची सक्ती होती.

हल्ला करणारे मुसलमान होते, ही गोष्ट लपवून चालणार नाही. त्या काळी माल्टाचे ख्रिश्चन सरदारही मुसलमानांची जहाजं लुटून माणसांना गुलाम करत, हेही खरं. पण दुसऱ्याच्या पापाने आपलं पाप धुतलं जात नाही. पकडून नेलेल्या त्या बायाबापड्यांची आणि लेकरांची हाक अल्लालाच होती आणि तीही याच शब्दात.

आपल्या इतिहासातलं मैमूनाचं पान तेवढं अभिमानाने दाखवायचं आणि १५५१ चं मिटून ठेवायचं, हा आपला न्याय असेल, तर इतरांनी आपल्याबाबत तसंच केलं म्हणून तक्रार कशी करायची?

मैमूनाचा दगड आज त्याच किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. गोझोच्या लोकांनी तो जपून ठेवला आहे.