पायथन (संगणक-भाषा)

पायथन : संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची एक उच्चस्तरीय भाषा. ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकविज्ञान संस्थेतील डच आज्ञावलीकार खीडो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये तिच्या रचनेस प्रारंभ केला. १९९१ मध्ये ती प्रसृत झाली. विधानांचे गट ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेने दर्शविण्याची पद्धत तिने एबीसी या नवशिक्यांसाठीच्या भाषेवरून घेतली. त्यामुळे सुवाच्यता हा तिचा प्रमुख गुण ठरला.

डिसेंबर २००८ मधील तिसरी आवृत्ती मात्र पूर्वीच्या आवृत्त्यांशी हेतुतः विसंगत ठेवण्यात आली. शब्दमाला युनिकोडवर आधारल्याने देवनागरीसारख्या लिप्यांची हाताळणी सुलभ झाली. परंतु असंख्य जुन्या आज्ञावली दुरुस्त कराव्या लागल्या. ७ या पूर्णांकास २ ने भागल्यास दुसऱ्या आवृत्तीत ३, तर तिसरीत ३·५ हे उत्तर येते. येथे संगणक चूक दाखवीत नाही. उत्तर मात्र निमूटपणे बदलते. दुसऱ्या आवृत्तीच्या देखभालीची मुदत २०१५ वरून वाढवून १ जानेवारी २०२० रोजी संपविण्यात आली. प्रत्येक विधानाचा नेमका अर्थ जाणणे व ज्ञात उत्तरांवर आज्ञावली पडताळून पाहणे, हे या भाषेतील प्रावीण्याचे गमक होय, असे या स्थित्यंतरावरून दिसून येते.